नॉरहॅम : टर्नरने विरघळवलेला गड

लंडनच्या टेट ब्रिटन या कलादालनात इंग्लिश चित्रकार टर्नरचं ‘नॉरहॅम कॅसल, सनराइज’ पाहताना मी आधी गडच शोधत होतो. सगळीकडे पिवळट उजेड, मधोमध निळसर छाया आणि पाण्यात उतरलेली एक तांबूस गाय. ती निळी छाया म्हणजेच गड! चित्र साधारण १८४५ चं. टर्नरने ते हयातीत कुठेच मांडलं नाही. लोकांना ते दिसलं थेट १९०६ मध्ये.

मग प्रत्यक्ष गड बघायलाच हवा होता. रेल्वेने बेरिक, तिथून बसने नॉरहॅम. ट्वीड नदीच्या काठचं छोटंसं गाव. नदीच्या अलीकडे इंग्लंड, पलीकडे स्कॉटलंड.

गडाला तिकीट नाही. खंदक ओलांडून आत गेलं की समोर बालेकिल्ला, सुमारे २७ मीटर उंच, लालसर दगडाचा, एका अंगाने ढासळलेला. ११२१ मध्ये हा गड उभारायला घेतला तो डरहमच्या बिशपने. आपल्याला गंमत वाटते, पण इथले बिशप सरहद्दही राखायचे. १३१८ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या माणसांनी वेढा घातला, तो जवळजवळ वर्षभर चालला, पण गड पडला नाही. १५१३ मध्ये मात्र स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सच्या तोफांनी काही दिवसांतच काम उरकलं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत फ्लॉडनच्या लढाईत जेम्स स्वतःच पडला. १६०३ मध्ये दोन्ही देशांना एकच राजा मिळाला आणि गडाला राखायला काही उरलं नाही.

वरून नदी झाडांआडून दिसते, चित्र काही दिसत नाही. त्यासाठी खाली काठावर यायचं आणि मागे वळून बघायचं. मी आलो दुपारी. ऊन समोरून पडलेलं, दगड न् दगड मोजून घ्यावा इतका स्पष्ट. सूर्य गडाच्या मागे असतानाच तटबंदी अशी निळी होऊन हवेत मिसळत असणार. माझ्या मते या चित्रातलं निम्मं श्रेय पहाटे उठण्याला आहे.

टर्नर इथे प्रथम आला १७९७ मध्ये, बावीस वर्षांचा असताना. पुढच्याच वर्षी त्याचं नॉरहॅमचं जलरंगचित्र लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागलं आणि गाजलं. १८३१ मध्ये पुन्हा इथून जाताना त्याने हॅट काढून गडाला मुजरा केला म्हणतात. सोबतचा प्रकाशक चकित झाला, तेव्हा टर्नरने सांगितलं की त्या चित्रापासून आजवर हाताला काम कमी पडलेलं नाही.