रामटेकचं प्रस्तरारोहण शिबिर: मधली वाट टाळा

पत्रकावर छापलं होतं, "रामटेकच्या ग्रॅनाइटवर प्रस्तरारोहण, सोबत भूशास्त्राची ओळख. नवशिक्यांनीही यावं." यातलं भूशास्त्र खरं निघालं. ग्रॅनाइट साफ खोटं. आणि नवशिक्यांचं म्हणाल तर तिथल्या मधल्या वाटेवर नवशिक्याला दोर बांधून सोडणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

ग्रॅनाइटची हवा काढली ती शिबिरासोबत आलेल्या निवृत्त प्राध्यापकांनीच. सरांनी खिशातला चाकू काढला आणि पातं कातळावर दाबून घासलं. कातळावर ओरखडा उठेना, उलट पात्याचीच राखाडी रेघ दगडावर उमटली. "स्टील हरलं की बहुधा गारगोटी, म्हणजे क्वार्टझ, समजायची," सर म्हणाले. हा क्वार्टझाइट. मुळात वाळू, तिचा झाला वालुकाश्म आणि तो जमिनीखाली खोल दाबात नि उष्णतेत सापडून कण न् कण एकजीव झाला. भूशास्त्रज्ञ या खडकांना सौसर गट म्हणतात. जवळच्या मनसरची मँगनीजची खाण याच गटातली. वय शंभर कोटी वर्षांपलीकडचं. आपल्या नागपूरच्या सीताबर्डी टेकडीचा काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे यापुढे कालचं पोर.

चढणाऱ्याला या माहितीचं काय, असं मलाही वाटलं होतं. पण फरक तळपायाला लगेच कळतो. ग्रॅनाइटच्या खरखरीत उतारावर बुटाचं रबर नुसतं टेकवलं तरी पाय धरतो. क्वार्टझाइट दाण्यांच्या कडेनं न फुटता दाण्यांच्या आरपार फुटतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडा मात्र धारदार. नुसतं टेकवून उभं राहण्याचे व्हिडिओ पाहून गेलात तर घसराल. इथे बोटभर रुंदीची कड शोधायची, बुटाचं टोक तिच्यावर ठेवायचं.

दुसरं म्हणजे थर कुठे कललेत ते खालूनच बघा. हे खडक दाबाखाली वळलेले आहेत, त्यामुळे थोड्या अंतरावर कल बदलतो. थर डोंगराच्या पोटाकडे कलले असतील तर प्रत्येक कड आतून खोल असते, हात आपोआप अडकतो. बाहेर, म्हणजे आपल्याकडे कलले असतील तर सगळे होल्ड, म्हणजे हातपाय टेकवायच्या जागा, उतरते आणि सुटे धोंडे आपल्याच दिशेला निसटायला तयार. आमच्या कातळाची उजवी बाजू पहिल्या प्रकारची. तिथे शिका, मजा येईल. उजव्या बाजूबद्दल एवढंच पुरे.

मधल्या वाटेवर, जमिनीपासून दोन-तीन पुरुष वर, एक चंदेरी पट्टा तिरका गेलाय. खालून उन्हात चमकतो, फोटोत छान येतो. तो अभ्रकाचा शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा खडक. हिऱ्याला १० धरणाऱ्या मोपट्टीवर क्वार्टझाइटचा कठीणपणा ७, अभ्रकाचा अडीचच्या आसपास, नख लावलं तरी पापुद्रा निघतो. वर-खाली पक्का दगड आणि मध्ये ही भुसभुशीत माती! मी त्या पट्ट्यातली तळहाताएवढी कपची धरली, भार टाकला आणि ती अख्खी हातात आली. खालून प्रशिक्षक पोट्टा ओरडतोय, "भाऊ, ओढू नका न! दाबा, खाली दाबा!" सल्ला बरोबरच होता. सुटी कपची बाहेर ओढली की निघते, खाली भिंतीकडे दाबली तर बहुधा टिकते. पण हा सल्ला चढण्याआधी द्यायचा की कपची हातात आल्यावर?

टॉप रोप, म्हणजे वरून घेतलेला दोर, होता म्हणून पडलो नाही, पण झोका खाल्ला. कारण वरचा अँकर, म्हणजे दोर अडकवायची जागा, सरळ डोक्यावर नसून उजव्या वाटेच्या माथ्यावर होता. दोन वाटांना एकच अँकर वापरून यांनी खटपट वाचवली. सुटल्यावर मी उजवीकडे भिंतीला घासत गेलो, कोपर सोललं. खाली आल्यावर प्रशिक्षक शांतपणे म्हणतो, "तिथं जरा सुटतेच ते." म्हणजे माहीत होतं!

तेव्हा तिथे गेलात तर चढण्याआधी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर पटेपर्यंत दोर बांधून घेऊ नका. अँकर माझ्या वाटेच्या वर आहे का? तो निदान दोन वेगवेगळ्या, पक्क्या ठिकाणी बांधलाय का? आणि दोर कड्याच्या धारेवरून येतोय तिथे खाली काय घातलंय? क्वार्टझाइटची धार दोराचं कवच कापते. आमच्या इथे उजव्या वाटेवर जाड गोणपाट होतं, ते मी स्वतः वर जाऊन पाहिलं. वर चढताना प्रत्येक होल्ड आधी बोटाच्या पेरानं ठोका. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. हेल्मेट खाली बिले देणाऱ्यालाही, म्हणजे आपला दोर सांभाळणाऱ्यालाही, हवंच, माझी कपची त्याच्या पायापासून हातभर अंतरावर पडली.

आता बुटांचं. क्लायम्बिंग शूजचं भाडं रोजचं ४०० रुपये, आणि हे कातळाच्या पायथ्याशी पोचल्यावर सांगतात, जिथून परत फिरता येत नाही. बूट तरी कसे? टोकाचं रबर झिजून गोल झालेलं, म्हणजे ज्या कडेवर उभं राहायचं तिथेच निकामी. ही सरळ लूट. घट्ट बसणारे साधे कापडी पीटी शूज त्यापेक्षा बरे. हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा) आणि हेल्मेट फीमध्ये धरलंय की नाही, ते पैसे भरण्याआधी लिहून घ्या.

शिबिरात एक दिवस नागपुरातल्या सेमिनरी हिल्सला बसाल्ट बघायला नेलं होतं, तो निवांत गेला. वायूचे बुडबुडे राहिलेला खडक दिसतो, सर छान सांगतात.

रामटेकला जायला नागपूरहून एसटी आहे, रेल्वेही आहे. कातळाशी सकाळी लवकर पोचा. दहानंतर उन्हाकडच्या बाजूला हात ठेववत नाही, हे थंडीतलं सांगतोय, उन्हाळ्यात तर नावच काढू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस अभ्रकाचा पट्टा पाणी धरून असतो, तेव्हा उजवी वाटही नको. कपारीत आग्यामोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा, "काही करत नाहीत" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. डबा उघड्यावर ठेवाल तर माकडं नेतील. गडाच्या तटबंदीवर किंवा मंदिरांच्या दगडांवर हात आजमावायचा नाही, आणि डोंगरावर दोर लावायची परवानगी आयोजकांनी घेतलीय का, तो कागद बघायला मागा. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास यात्रा असते. त्या दिवसांत बसमध्ये दोराची पिशवी घेऊन उभं राहायलाही जागा मिळणार नाही.