हिरवी नेट, प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि फोनमधला हिशेब

ताडोब्याच्या मोहर्ली रस्त्यावर एका रिसॉर्टचा डेक बांधता बांधता पडला आणि विम्यासाठी त्याच्या नुकसानीचा सर्व्हे माझ्याकडे आला. मालक डेक म्हणत होता. गावात सगळे त्याला मचाणच म्हणत. 24 बाय 16 फूट, जमिनीपासून 11 फूट उंच. बॉक्स पाइपचे सहा खांब, वर सागाचे वासे, त्यावर सव्वा इंची फळ्या. मे अखेरच्या वादळात पडला. दुसऱ्या सकाळी ठेकेदाराने मला गेटवरच गाठलं, "विमा हाय ना साहेब, मंग भेव कायचं?"

विमे दोन होते. एक कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, म्हणजे चालू कामाचं नुकसान आणि तिऱ्हाइताची भरपाई. दुसरा कामगार भरपाईचा. पहिल्यात स्वतःच्या मजुराची दुखापत बसत नाही. ठेकेदारांना हे बहुधा अपघातानंतरच कळतं.

खांब जागेवर होते. पाया काळ्या मातीतून खाली, मुरमापर्यंत नेलेला. ते काम चोख. पडला होता फक्त भिंतीकडचा आठ फुटांचा पट्टा. कॉटेजच्या भिंतीला दोन इंच जाडीची सागाची पट्टी मारून त्यावर वाशांची टोकं टेकवलेली. पट्टीला स्क्रू तीन इंची, तेही प्लास्टिकच्या गिट्ट्यांत, म्हणजे भोकात बसवायच्या प्लगांत. दोन इंच पट्टीत गेला, पाऊण इंच प्लास्टरमध्ये, विटेच्या वाट्याला उरला पाव इंच! तिथे भिंतीतून आरपार 12 मिमीचे बोल्ट हवे होते, दीड-दीड फुटावर, मागून वॉशरसकट. बोल्ट आणलेलेही होते, पण पोत्यातच. त्यात उन्हासाठी रेलिंगला तीन बाजूंनी हिरवी नेट बांधलेली. वारा नेटमध्ये भरला, डेक तलावाकडे ओढला गेला, स्क्रू भिंतीतून सुटले. नेट सोडायला चढलेल्या दोघांपैकी एकाने खांब धरला. दुसरा खाली आला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं.

ढिगारा हलवण्याआधी मी भिंतीवरची भोकं टेप लावून फोटोत घेतली. ही भोकंच दाव्याचा निकाल लावतात. सदोष कारागिरीचा खर्च पॉलिसीत वगळलेला असतो, पण वगळणूक त्या सदोष भागापुरतीच. म्हणजे पट्टी आणि स्क्रू ठेकेदाराच्या खिशातून. नीट बसवलेले वासे-फळ्या त्यामुळे मोडल्या तर त्या मिळतात. असं मान्य नुकसान 2,10,000 रुपये निघालं.

मग घोळ विमा रकमेचा. ठेकेदाराने मजुरी आणि लोखंड धरून 9 लाखांचा विमा घेतलेला. मालकाने स्वतः आणून दिलेला 6 लाखांचा साग त्यात धरलाच नाही. पॉलिसीला पूर्ण झालेल्या कामाची एकूण किंमत लागते, मालकाच्या मालासकट. 15 लाखांच्या कामाला 9 लाख म्हणजे 60 टक्के. भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते, म्हणून 2,10,000 चे 1,26,000 झाले. त्या पॉलिसीतली वादळाची 25,000 रुपयांची वजावट, म्हणजे ठेकेदाराने स्वतः सोसायचा हिस्सा, जाऊन हाती 1,01,000. प्रीमियममध्ये वाचले असतील ते थोडकेच.

मजुराचं प्रकरण जास्त नाजूक. तो वेल्डिंगच्या मिस्त्रीने आणलेला, मिस्त्री ठेक्यावर. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या कलम 12 ने (21 नोव्हेंबर 2025 ला नव्या कामगार संहिता लागू होण्याआधीची ही गोष्ट) भरपाईसाठी मुख्य ठेकेदाराला धरता येतं. पण पॉलिसीत पोटठेक्याचे मजूर वेगळे जोडून घ्यावे लागतात, आणि ते जोडलेले नव्हते. कायद्याने देणं आहे, विम्याने नाही, अशी कात्री.

हजेरीची वही शाळेची, नावं पेन्सिलने. त्यावर कंपनीने काडीचाही विश्वास ठेवला नसता. म्हणून ठेकेदाराचा फोन मागितला. तीन आठवडे दर बाजाराच्या दिवशी याच मजुराच्या नंबरवर थेट पैसे गेलेले, सहा दिवसांचे 2,700. मिस्त्रीचं वेल्डिंग कधीच संपलं होतं. याला ठेकेदाराने फळ्या ठोकायला स्वतःच ठेवून घेतलं होतं. म्हणजे तो त्याचाच कामगार. तारखांसकट स्क्रीनशॉट अहवालाला जोडले आणि दावा उभा राहिला.

रोज 450, महिन्याचे 26 दिवस, 11,700 रुपये. वय 30, कायद्याच्या तक्त्यात त्या वयाचा गुणक 207.98. काम न करता येण्याच्या काळात दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के, म्हणजे 2,925. पुढे कायमचं अपंगत्व राहिलं तर पगाराच्या 60 टक्क्यांना गुणकाने गुणून, जितकी कमाईची क्षमता गेली तितका हिस्सा. डॉक्टरांनी 20 टक्के लिहिले तर 2,92,004. उपचाराचा खर्च कायद्याने पूर्ण द्यावा लागतो. पॉलिसीत मात्र त्याची मर्यादा 25,000 होती, आणि रॉड टाकायच्या ऑपरेशनचा आकडा त्याच्या बराच पुढे गेला. वरचा फरक ठेकेदाराने भरला. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर 12 टक्के व्याज. वर दंड लागला तर तो विमा कंपनी उचलत नाही, हेही त्याला तिथेच सांगितलं.

निघताना त्याची नुकसानीची यादी पुन्हा तपासली. शेवटच्या ओळीत होतं, 'बोल्ट 12 मिमी, नग 17'. पोतं उघडून मोजले. सतराच्या सतरा कोरे, तेलाच्या कागदात. ती ओळ कापली.