स्वस्तातला ब्लोअर कोणता घ्यावा? तुम्ही विचारलंत म्हणून

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात नेमबाजीचा सराव करणाऱ्या काही मुलामुलींच्या एअर रायफली साफसफाईसाठी आणि किरकोळ जुळवणीसाठी माझ्याकडे कोथरूडच्या घरी येतात. त्या परत न्यायला आलेले पालक हटकून विचारतात की, कामाचे टेबल झाडायला तुम्ही कोणता ब्लोअर वापरता आणि तसा एखादा दोन हजारांच्या आत मिळेल का? अमेरिकेत राहणारा माझा भाचाही अलीकडे फोनवर हेच विचारत होता. तो तिकडे गॅरेजमध्ये वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून काडतुसे तयार करतो. त्याच्या राज्यात हा उघड आणि कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसे बनवायला परवाना लागतो, त्यामुळे त्याचे टेबल आणि माझे टेबल यांत फरक आहे; पण प्रश्न एकच असल्यामुळे दोघांसाठी एकदाच लिहितो.

थोडक्यात उत्तर असे की विजेवर चालणारा, वेग कमीजास्त करता येणारा, ५०० ते ६०० वॉटचा साधा ब्लोअर पुरतो आणि तो दीड हजाराच्या आसपास मिळतो. मात्र माझ्या टेबलावर तो फार कमी वेळा चालतो. रोजचे काम एक मऊ ब्रश, एक ओले फडके आणि शंभर-दीडशे रुपयांचा दाबला की हवा सोडणारा रबरी फुगा यांच्यावर भागते. ब्लोअर धूळ नाहीशी करत नाही, तिची जागा बदलतो. टेबलावरची धूळ उडून शेल्फवर, पडद्यावर आणि शेवटी आपल्या नाकात जाणार असेल, तर दीड हजार रुपये खर्च करून आपण काय मिळवले? म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी धूळ कसली आहे हे विचारावे, असे माझे मत आहे.

दहा मीटर एअर रायफलचे छर्रे ४.५ मिलिमीटरचे आणि शिशाचे असतात. डबी उघडून छर्रे तळहातावर घेतले की बोटांच्या टोकांना करडी झाक येते. ते शिसे असते. छर्रे निवडताना आणि वजन करताना हीच करडी पूड टेबलावर उतरते, आणि रायफलीची नळी पुसून काढलेल्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) बोळ्यांवरही ती असतेच. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांना त्याचा अपाय मोठ्यांपेक्षा अधिक होतो. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमांत शिसे साचलेली जमीन किंवा इतर पृष्ठभाग दाबाच्या हवेने झाडायला मनाई आहे, ती याच कारणाने. तेव्हा ज्या टेबलावर छर्रे हाताळले जातात, ते टेबल ओल्या फडक्याने पुसावे, फडके त्याच कामासाठी वेगळे ठेवावे आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. तिथे ब्लोअर लावू नये आणि तोंडाने फुंकरही मारू नये. फुंकर मारायची सवय मात्र चांगल्या शिकलेल्या माणसांची सुटत नाही. वजनकाट्याची वाटी साफ करायला रबरी फुगा हलक्या हाताने दाबला तरी पुरे, आणि तोही वाटी काट्यावरून उचलून बाजूला घेतल्यावर. कारण हे छोटे काटे इतके नाजूक असतात की पंख्याच्या वाऱ्यानेही त्यांचा आकडा हलतो.

मग ब्लोअर कुठे वापरायचा? कर्वे रस्त्याकडून येणारी आणि उन्हाळ्यात कितीही खिडक्या लावल्या तरी आत शिरणारी पुण्याची मातकट धूळ ड्रॉवरच्या खाचांत, व्हाइसच्या (वस्तू घट्ट पकडायच्या शिकंजाच्या) आट्यांत, ड्रिलच्या हवेच्या फटींत आणि हत्यारांच्या खोक्यांत बसते. तिथे ब्रश पोहोचत नाही आणि फडक्याने चिखल होतो. अशा वस्तू मी गॅलरीत नेतो, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावतो, वाऱ्याकडे पाठ करतो आणि मग ब्लोअर चालवतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे दोरीवर असतील तर हे काम पुढे ढकलावे लागते, एवढी एकच सामाजिक अडचण.

भाच्याची गोष्ट निराळी आणि अधिक गंभीर आहे. काडतूस भरताना पुंगळीच्या बुडातली जुनी टोपी (आघाताने पेटून दारूला आग देणारी छोटी वाटी) काढतात, पुंगळी प्रेस नावाच्या दाबयंत्रात पुन्हा मापात दाबतात, नवी टोपी बसवतात, दारू मोजून ओततात आणि वर गोळी बसवतात. यातल्या बहुतेक टप्प्यांवर काहीतरी सांडते. टोपीतल्या स्फोटक मिश्रणात सहसा शिशाचे संयुग असते, त्यामुळे जळालेल्या टोपीची काजळी आणि पुंगळ्या घासून चमकवण्यासाठी वापरलेल्या भुशाची धूळ, दोन्ही शिसेयुक्त असतात. काडतुसात भरायची बिनधुराची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोज या झटकन पेटणाऱ्या पदार्थाची असते आणि तिचे कण हलके, चपटे किंवा नळीच्या आकाराचे असल्यामुळे हवेच्या झोताने सहज उडतात. स्वस्त ब्लोअरमध्ये कार्बन ब्रशची, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची, मोटर असते. दिवे मालवून तिच्या जाळीतून पाहिले तर कार्बनच्या टोकाशी निळसर ठिणग्या उडताना स्पष्ट दिसतात. जी हवा मोटरीला थंड ठेवते, ती त्याच खोलीतली, त्याच टेबलावरची हवा असते. म्हणून दारू सांडलेल्या टेबलावर ब्लोअर नको, आणि त्याची पिशवी लावून केलेला व्हॅक्यूमही नको. ब्रश आणि सुपडी घ्यावी, सुपडी शक्यतो ठिणगी न पाडणारी असावी, आणि झाडलेली दारू पुन्हा डब्यात ओतू नये. मी त्याला एवढेच सांगितले की, दारूचा डबा आणि टोप्या कपाटात गेल्या, टेबल ओल्या फडक्याने पुसून झाले, की मग प्रेसच्या सांध्यांत अडकलेला पितळेचा कीस काढायला प्रेस सुटी करून अंगणात ने आणि हवा तेवढा ब्लोअर मार. त्यावर तो म्हणाला, “मामा, म्हणजे विकत काही घेऊच नको असं म्हणतोयस.” तसे नाही, पण त्याने आधी ब्रश घ्यावा.

आता पर्यायांकडे वळतो. दाबाच्या हवेचे डबे फोटोग्राफीच्या दुकानात मिळतात, पण ते लवकर संपतात. त्यांतल्या अनेकांमध्ये हवा नसून ज्वालाग्राही वायू असतो आणि डबा तिरका झाला तर नळीतून थंडगार द्रव उडतो. केस वाळवायच्या यंत्राने भागेल का, असे काही जण विचारतात. त्याला जोर नसतो. छोटा कॉम्प्रेसर जोरदार खरा, पण पावसाळ्यात त्याच्या टाकीत पाणी साचते आणि ते झोताबरोबर लोखंडी हत्यारांवर येते, त्यामुळे धूळ जाऊन गंज येतो. अमेरिकेतल्याच नियमानुसार साफसफाईसाठीची दाबाची हवा ३० पीएसआयच्या (हा दाब मोजायचा एकक) खाली असावी लागते, आणि गॅरेजवाल्यांचे कॉम्प्रेसर त्याहून कितीतरी वर चालतात.

एका पालकांनी मला फार हुशारीने सुचवले होते की, मॅच रायफलच्या (स्पर्धेच्या एअर रायफलच्या) सिलिंडरमध्ये २०० बार, म्हणजे साध्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाची, हवा असतेच, मग तिचाच झोत का मारू नये? त्यांना मी जरा कठोरपणे नाही म्हटले. ती हवा छर्ऱ्यामागे लागण्यासाठी आहे. उघड्या त्वचेजवळ किंवा डोळ्यांजवळ ती सोडणे म्हणजे दवाखान्याची वाट धरणे होय.

चार्जिंगचे पिटुकले ब्लोअर सध्या फार खपतात. त्यांत सहसा कार्बन नसलेली मोटर असते, त्यामुळे त्या ठिणग्यांचा प्रश्न उरत नाही, आणि कीबोर्ड किंवा दुर्बिणीवरची वरवरची धूळ उडवायला ते सोयीचे आहेत. पण पूर्ण वेगावर बॅटरी पाहता पाहता उतरते आणि यंत्र हातात गरम होते. जाहिरातीत छापलेला मोटरीच्या फेऱ्यांचा आकडा तोंडात बोटे घालायला लावणारा असतो, आणि त्या आकड्यावरून टेबलावर प्रत्यक्षात किती हवा येईल याचा काही अंदाज लागत नाही. त्याच किमतीत वायरीचा ब्लोअर अधिक वर्षे टिकतो, असे मला वाटते.

वायरीचा घ्यायचा तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन हाताळून घ्यावा. दुकानदार पहिल्या वाक्यात “कॉपर वायंडिंग आहे, साहेब” असे सांगेल. ते ऐकून घ्यावे आणि यंत्र हातात घ्यावे. दीड-दोन किलो वजन मिनिटभर एका हातात ठीक वाटते, पण व्हाइसच्या आट्यांत नेम धरून ठेवताना मनगट बोलू लागते. मूठ आणि मोटर यांचा तोल बरा आहे का, ते पाहावे. वेग चकतीने कमी होतो का, की फक्त खटका दाबला की पूर्ण जोर लागतो, हे सर्वांत महत्त्वाचे. कारण पूर्ण जोरात स्प्रिंगा, वॉशर आणि पेचांसह सगळे गॅलरीबाहेर जाते. वॉटवरून जोर मोजू नये, ७०० वॉटचा ब्लोअर ५०० वॉटच्यापेक्षा सरसच असतो असे नाही. पंख्याची घडण आणि तोंडाचा आकार यांवर बरेच अवलंबून असते. तोंडाला बसणारी निमुळती रबरी नळी सोबत मिळते का ते विचारावे, कारण खाचांतले काम तीच करते. प्लग दोन पिनांचा असेल तर अंगावर चौकोनात चौकोन असे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्ह शोधावे. ते नसेल तर तो ब्लोअर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा. सोबतच्या कापडी पिशवीसाठी चार पैसे जास्त देऊ नयेत, कारण पिशवीत जाडा कचरा राहतो आणि बारीक धूळ कापडातून पुन्हा खोलीत येते.

दुकानात तो चालू करून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. पहिल्या झोतात आतली साठलेली धूळ बाहेर पडते, म्हणून तोंड रस्त्याकडे ठेवायला सांगावे. मोटरीचा आवाज एकसारखा हवा. मध्येच खरखर किंवा जळका वास आला तर दुसरा नग मागावा. मग त्याच कंपनीचे कार्बन ब्रश सुटे मिळतात का, हे विचारावे. नियमित वापरात कार्बन झिजणारच, आणि ते मिळत असतील तर कोणताही मोटर दुरुस्त करणारा थोड्या पैशांत ते बदलून देतो. सुटे कार्बन न मिळणाऱ्या ब्लोअरसाठी मी तरी हजार रुपयेसुद्धा देणार नाही.