बारवेच्या काठची शिंदी

मागच्या महिन्यात गावाकडं गेलो होतो, परभणी जिल्ह्यात. पोरांनी बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, साफ केलीय म्हणून फोन आला होता, राहवलं नाही, गाडी काढली आन् गेलो. सेलू तालुक्यातल्या वालूरला गावकऱ्यांनी ती गोल फिरत खाली जाणारी बारव गाळ उपसून मोकळी केली ना, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या पण डोक्यात बसलंय. लई चांगलं काम केलंय. काळ्या दगडाच्या पायऱ्या उघड्या पडल्या, चिऱ्यावर चिरा बसवलाय, मधे चुन्याचा थेंब नाही, आन् खालच्या कोनाड्यात शेंदूर लावलेला देव अजून जागेवर आहे.

पण वर आलो आन् पोटात कालवलं. काठावरची शिंदीची, म्हणजे रानटी खजुराची, झाडं गेली होती. झुडुपं म्हणून काढून टाकली म्हणे.

वाईन म्हटलं की सगळे नाशिककडं बघतात, पण आपल्याकडं जी पिढ्यान् पिढ्या होती ती शिंदी, झाडाचं पण नाव तेच आन् त्याच्या आंबलेल्या रसाचं पण तेच. ओढ्याकाठी, बारवेच्या ओलीवर बन वाढायचं, त्यामुळं आमच्यासाठी बारव आन् शिंदी वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. थंडीत शिंदी काढणारा कमरेला दोर बांधून संध्याकाळी चढायचा, शेंड्याखाली कोयत्यानं सोलून गाडगं अडकवायचा, रात्रभर थेंब थेंब रस गळायचा. दिवस उगवायच्या आत उतरवला तर गोड नीरा, उन्हं वर आली की आपोआप फेस धरते आन् दुपारपर्यंत आंबट होऊन चढते, बाहेरून काहीच घालावं लागत नाही, हवेतलं आन् जुन्या गाडग्यातलं यीस्टच काम करतं. गाडग्याला आतून चुना लावला तर नीरा, नाही लावला तर शिंदी, इतका साधा हिशोब. दरवर्षी बाजू बदलून सोलायचे, म्हणून खोडावर नागमोडी खाचा पडायच्या, लहानपणी आम्ही त्या मोजून झाड किती वर्षं कापलंय ते सांगायचो.

आता आमच्या आबांची गोष्ट सांगतो. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा, म्हणजे दारू-शिंदीवरच्या कराचा, पैसा लई मोठा होता, म्हणून १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसचा निजामाविरुद्ध लढा पेटला तेव्हा ठिकठिकाणी शिंदीची झाडं तोडायची मोहीम निघाली, लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेवर पोरं कुऱ्हाडी घेऊन रात्री बाहेर पडायची. आबा पण गेले होते. याच बारवेवर. म्हातारपणी सांगायचे, "लेकरा, राग झाडावर नव्हता रे, निजामाच्या करावर होता. पहिला घाव घातला तर बुंध्यातनं पाणी आलं, हात थांबला माझा." दोन झाडं त्यांनी सोडून दिली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, आन् त्या दोन झाडांच्या बिया पडून पुन्हा बन उभं राहिलं. आता जे काढून टाकलं ते तेच बन, म्हणून जास्त लागलं मला.

दारूचं कौतुक करायला हे लिहीत नाहीये. दारूपायी आमच्या गल्लीतली दोन घरं बसलेली बघितलीत, तिथं कुणी वारसा म्हणून बोलू नये. पण त्याच झाडाच्या पानाचा फडा घरोघरी अंगण झाडायचा, चटया व्हायच्या, पिवळी फळं आम्ही वेचून खायचो, आन् कोणता रस कधी उतरवायचा हे ज्यांच्या हातात होतं त्यांची नातवंडं आता पुण्यात कंपनीत आहेत, कुणीच शिकलं नाही. दगडाला वारसा म्हणतो मग ह्याला का नाही म्हणायचं?

पोरांवर चिडलो नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, चूक आमच्या वयाच्या लोकांची. बसवून सगळं सांगितलं, मग ती स्वतःच शोधायला लागली आन् उकिरड्याच्या बाजूला गवतात तीन रोपं सापडली, गुडघ्याएवढी. बाभळीच्या काट्याचं कुंपण केलं, महाशिवरात्रीला बारवेत दिवे लावायचे ठरलेत तेव्हा बारवेतलंच पाणी घालायचं म्हणाले. काल त्यातल्या एकानं फोटो पाठवलाय, मधल्या रोपाला नवा कोंब आलाय.