छ्वे सान आणि एक मोकळी मात्रा

सकाळचे आठ वाजले होते. फिगेरोआ स्ट्रीटवरच्या रांगेत माझ्यापुढे निदान तीनशे माणसं असतील. तेवढ्यात फोन थरथरला. पथकाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. पुण्यात रात्रीचे साडेआठ, नदीपात्रातला सराव, मागे पुलावरचे दिवे, आणि पहिल्याच सेकंदाला ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा तो सलग कडकडाट. मी आवाज पूर्ण वाढवला. लॉस एंजेलिसच्या फुटपाथवर, चाळीस ढोल.

पुढे उभ्या असलेल्या बाई वळल्या. पन्नाशीच्या असतील. डोक्यावर टोपी, गळ्यात पृथ्वीच्या गोळ्यासारखी लाइटस्टिक, म्हणजे कॉन्सर्टमध्ये हलवायचा हातातला दिवा, अडकवलेली. म्हणजे आमच्यातल्याच. त्यांनी विचारलं, "हा कुठला ग्रुप?" म्हटलं, "हे माझं पथक आहे. मी यात ताशा वाजवायचे." त्यांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा बघताना त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता आणि तो बरोबर होता.

ही गोष्ट ऑगस्ट २०२२ मधली, केकॉनची. लिहीन लिहीन म्हणत राहून गेली होती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केकॉन म्हणजे के-पॉपच्या, कोरियन पॉप संगीताच्या, चाहत्यांचा मेळा. दिवसा कन्व्हेन्शन सेंटरमध्ये नाचाच्या कार्यशाळा, गप्पांचे कार्यक्रम, स्टॉल. रात्री शेजारच्या मोठ्या अरीनात कॉन्सर्ट. सीजे ईएनएम ही कोरियन कंपनी तो भरवते. पहिला केकॉन २०१२ साली अर्वाइनला झाला, म्हणजे लॉस एंजेलिसपासून तासाभराच्या अंतरावर. पुढे तो शहरात आला, मग न्यूयॉर्क, टोकियोजवळचं माकुहारी, पॅरिस असा फिरत गेला. २०१४ मध्ये इथल्याच केकॉनला बीटीएस हा ग्रुप आला होता, पदार्पणाला जेमतेम वर्ष झालेलं असताना. मग कोविड आला. २०२० च्या जूनमध्ये केकॉन इंटरनेटवर झाला, 'केकॉन:टॅक्ट' नावाने. तो मी पुण्यात, माझ्या खोलीत, इअरफोन लावून बघितला. घरातले झोपलेले, त्यामुळे तोंडावर उशी.

ती उशी मला विसरता येत नाही. त्याच वर्षी आमच्या पथकाचे ढोल गोदामात पडून होते. २०२० ला मिरवणूक नाही, २०२१ ला नाही. पान, म्हणजे वाजवायचा पडदा, उतरवून ठेवलेला ढोल कसा दिसतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. तो नुसता पिंप दिसतो.

आणि हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. कोरियात तर कॉन्सर्ट पुन्हा सुरू झाल्यावरही ओरडायला मनाई होती. २०२२ च्या मार्चमध्ये सोलच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर बीटीएसचे कार्यक्रम झाले, तेव्हा हजारो लोक गप्प बसून होते. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याची टाळी, तीच वाजवायची. ते व्हिडिओ बघताना माझ्या घशात आवंढा आला होता. के-पॉपचं गाणं दोन भागांत लिहिलेलं असतं: एक भाग स्टेजवरच्यांचा, एक आपला. आपला भाग काढून घेतला तर ते गाणं अर्धंच वाजतं.

लोकांना वाटतं, पोरी नुसत्या किंचाळतात. तसं नाही. नवं गाणं आलं की कंपनी त्याची साद कशी द्यायची ते छापून देते. कुठल्या ओळीनंतर कुठला शब्द, कुठे नाव, कुठे गप्प राहायचं. कोरियनमध्ये त्याला उंगवॉनबॉप म्हणतात, म्हणजे हुरूप द्यायची पद्धत. ते पाठ करावं लागतं, त्याचा सराव करावा लागतो. आरतीत कुठे टाळी पडते आणि कुठे आवाज चढतो हे आपल्याला कुणी शिकवलेलं आठवत नाही, पण कधीतरी शिकलेलंच असतो ना आपण. तसंच हे, फक्त इथे शिकवणारा कागद असतो.

रांगेत माझ्यापुढे असलेल्या त्या बाईंकडे तो कागद होता, लॅमिनेट केलेला. त्या बेकर्सफिल्डच्या, नर्स आहेत. दोन वर्षं कोविड वॉर्डात होत्या आणि ड्यूटीवरून गाडीने घरी जाताना एटीझ हा के-पॉप ग्रुप ऐकायच्या. रांगेत पुढे-मागे वाटायला त्यांनी अशा पन्नास पट्ट्या करून आणल्या होत्या. के-पॉपच्या जगात ही रीतच आहे. कुणी हाताने मणी ओवून ब्रेसलेट आणतं, कुणी छोट्या पिशवीत गोळ्या आणि एक फोटोकार्ड, म्हणजे गायकाचा खिशात मावेल एवढा फोटो. ओळख नसलेल्या माणसाच्या हातात ठेवायचं आणि पुढे जायचं. माझ्याकडे द्यायला चिक्की होती. आईने पार्सलमध्ये पाठवलेली, लोणावळ्याची.

पट्टीवर आठ नावं होती. एटीझचे आठ जण, २०१८ पासूनचे. सर्वात आधी कॅप्टन होंगजूंगचं नाव घ्यायचं. खरं तर सॉंगह्वा त्याच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा, पण मान कॅप्टनचा. पुढे मात्र वयाप्रमाणे. नावं रोमन लिपीत होती आणि आमच्या मागे उभा असलेला एक मुलगा ती वाचताना सारखा अडखळत होता. 'Seo' हे तो 'सिओ' म्हणायचा, 'Park' मधला र घोळवायचा. मी पेन काढलं आणि माझ्या पट्टीच्या मागे देवनागरीत लिहून घेतलं:

किम होंगजूंग, पाक सॉंगह्वा, जॉंग युनहो, कांग यॉसांग, छ्वे सान, सोंग मिनगी, जॉंग ऊयॉंग, छ्वे जोंगहो. एटीझ!

बघा काय होतं ते. रोमन लिपीत 'eo' लिहावं लागतं त्या स्वराला आपल्याकडे ऑ आहे, अगदी जुळा नाही पण सख्खा चुलत. 'Choi' मधला 'ch' म्हणजे च नाहीच, तो छ आहे, हवा सोडून म्हणायचा. इंग्रजी बोलणाऱ्यांना च आणि छ यांतला फरक कानाला लागत नाही. आपल्याला बालवाडीपासून लागतो, छत्रीचा छ. मी तो छ मोठ्याने म्हटला तेव्हा नर्सबाईंनी माझ्या तोंडासमोर तळहात धरून हवा लागते का ते बघितलं. मग त्यांनी विचारलं, "ही कुठली लिपी? ही वरची रेघ कशाला?" म्हटलं, "सगळी अक्षरं एका दोरीवर वाळत घालतो आम्ही." मग रांगेतल्या सात जणांनी आपापल्या पट्ट्या माझ्यापुढे केल्या, की आमचं नाव या लिपीत लिहून दे. पुढचा अर्धा तास मी तेच केलं. माझ्या आयुष्यातला फार चांगला अर्धा तास होता तो.

मग सराव सुरू झाला आणि सगळे एकाच ठिकाणी पडायला लागले.

नावं म्हणून बघा. किम-होंग-जूंग, तीन. पाक-सॉंग-ह्वा, तीन. जॉंग-युन-हो, तीन. कांग-यॉ-सांग, तीन. आणि मग छ्वे-सान. दोनच. एक मात्रा मोकळी राहते. नवखा माणूस ती खाऊन टाकतो आणि सोंग मिनगीवर आधीच जाऊन आदळतो. तिथून पुढे सगळी रांग फाटते. आमच्या पथकात नवीन मुलं यायची तेव्हा हेच व्हायचं. ठोका चुकत नाही कुणाचा, चुकते ती थांबायची जागा. रिकाम्या जागेची माणसाला भीती वाटते, तो घाईने ती भरायला जातो. मला दादांनी, म्हणजे आमच्या ताशाप्रमुखांनी, पहिल्या वर्षी महिनाभर तेवढंच शिकवलं होतं: हात उचललेला ठेव, श्वास घे, मग मार.

मी रांगेत तेच सांगितलं. "छ्वे म्हणा, तो थोडा लांबवा, श्वास घ्या, मग सान." नर्सबाईंनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर टोल धरला. हो, टोलच. पथकात लय धरून ठेवणारा जो टोल असतो, तेच काम. आधी दहा जण, मग तीस. दारं उघडेपर्यंत निम्म्या रांगेला ती जागा सापडली होती. (सान म्हणजे आपल्याकडे लहान, आणि कोरियनमध्ये सान म्हणजे डोंगर. मला हे फार आवडतं.)

आतल्या दिवसाबद्दल खूप लिहीत नाही. स्टॉलवर रांगा होत्या, फुकट मिळणाऱ्या फेसमास्कसाठी तर इतकी लांब की मी सोडून दिली. फोटोकार्डांच्या अदलाबदलीत मला यॉसांगचं एक जुनं कार्ड मिळालं, त्याबदल्यात दोन द्यावी लागली, चालायचंच. पण रँडम प्ले डान्सबद्दल सांगायला हवं. जमिनीवर मोठा चौक मोकळा सोडलेला असतो. भोवती माणसं. एकापाठोपाठ एक गाण्यांचे तुकडे वाजतात, धृपदाचा भाग फक्त, आणि ज्याला ज्याला नाच येतो तो चौकात धावतो. तुकडा संपला की मागे. कुणी नेमलेलं नसतं. एका गाण्याला साठ जण धावले, पुढच्याला फक्त एक मुलगी. बारा-तेरा वर्षांची, जाड चष्मा, गुलाबी क्रॉक्स. एवढ्या मोठ्या चौकात एकटी. ती थबकली नाही. पूर्ण तुकडा नाचली, शेवटच्या ठेक्याला हात वर करून थांबली, आणि भोवतीच्या शेकडो लोकांनी असा जल्लोष केला की तिने चष्मा काढून डोळे पुसले. मीही पुसले.

रात्रीचं तिकीट मी उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या पैशातून काढलं होतं. ते काढताना जो त्रास झाला, तासभर ऑनलाइन रांगेत ठेवून शेवटच्या पानावर वाढवलेली फी, त्याचा राग मला आजही आहे. विद्यार्थ्याच्या खिशाला ती लागली आणि आधी सांगितली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. जागा मिळाली तीनशेच्या मजल्यावर, म्हणजे सर्वात वर. क्रिप्टो डॉट कॉम अरीना. आदल्या डिसेंबरपर्यंत ते स्टेपल्स सेंटर होतं आणि रांगेतले सगळे अजून तेच म्हणत होते. लेकर्स या बास्केटबॉल संघाचं घर. वरून स्टेज आगपेटीएवढं दिसतं.

पण वरून एक गोष्ट दिसते जी खालच्यांना दिसत नाही. अशा कार्यक्रमात बरेच ग्रुप असतात आणि प्रत्येकाच्या चाहत्यांची लाइटस्टिक वेगळी. एकाच ग्रुपच्या कॉन्सर्टमध्ये सगळे दिवे एका ठिकाणाहून चालवतात, एकदम रंग बदलतात. इथे तसं नव्हतं. हिरवे, गुलाबी, पिवळे, निळे, जो तो आपापल्या हाताने हलवणारा. तरी प्रत्येक गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे एका लयीत यायचे. ज्यांचा तो ग्रुप नाही तेसुद्धा. हे मी सहा वर्षं लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीत पाहिलंय. मागच्या पथकाचा ठेका कानावर पडला की फुटपाथवरच्या आजोबांचं बोट छत्रीच्या मुठीवर वाजायला लागतं.

एटीझ आले तेव्हा दिवे गेले आणि पडद्यावर नाव यायच्या आधीच खालून कुठूनतरी सुरुवात झाली. किम होंगजूंग! मी उभी राहिले. पाक सॉंगह्वा! माझ्या डावीकडचं कॉलेजचं पोरगं, उजवीकडे बापलेक, सगळे उभे. जॉंग युनहो! कांग यॉसांग! छ्वे…

आणि ती जागा आली. हजारो माणसं, आणि त्या एका मात्रेत अख्ख्या अरीनात फक्त श्वास. मला तो ऐकू आला. खरंच ऐकू येतो तो, समुद्राची लाट मागे सरकताना वाळूचा येतो तसा.

सान!

अंगावर काटा आला, आणि मग मी जी ओरडले, ती दोन वर्षांची ओरडले. उशीतली, गोदामातली, सगळी. गाण्याच्या मध्यावर त्यांच्यातल्या एकाने कानातला मॉनिटर ओढून काढला आणि खांद्यावर लोंबता सोडला. गाणाऱ्याला स्वतःचा सूर नीट लागावा म्हणून तो असतो. तो काढायचा म्हणजे सूर सांभाळणं आपल्या जिवावर आणि कान समोरच्यांना. आगपेटीएवढ्या स्टेजवरची ती हालचाल मला पडद्यावर दिसली. त्याला आमचा भाग ऐकायचा होता.

बाहेर पडताना नर्सबाई पुन्हा भेटल्या, ठरवून नव्हे. आवाज बसलेला, माझाही आणि त्यांचाही. त्यांनी बोटांनी दोन दाखवले, मग मूठ मिटून एक ठोका मोकळा सोडला. मी मान हलवली. त्यांना रात्रीतच गाडी चालवत बेकर्सफिल्ड गाठायचं होतं, दुसऱ्या दिवशी ड्यूटी. उरलेली चिक्की मी त्यांच्या पर्समध्ये कोंबली, वाटेत झोप येऊ नये म्हणून.

पिको स्टेशनवर ट्रेनची वाट बघत होते. रात्रीचे अकरा, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेअकरा. गणपती अकरा दिवसांवर आलेले आणि मी तिथे नसणार, हे दिवसभर मनात कुठेतरी होतंच. फोनमध्ये नावांच्या हाकाऱ्याची रेकॉर्डिंग होती, बावीस सेकंदांची. ती पथकाच्या ग्रुपवर टाकली. खाली काही लिहिलं नाही.

ट्रेन आली, बसले, दोन स्टेशनं गेली. मग दादांचा व्हॉइस मेसेज आला. आधी माझीच रेकॉर्डिंग त्यांच्या दुसऱ्या फोनवर वाजत होती. पाचव्या नावाशी, त्या मोकळ्या मात्रेत, त्यांनी टेबलावर बोटांनी तर्री टाकली होती. अचूक बसली होती. मागून त्यांचा आवाज: "जागा चांगली सोडलीये गं त्यांनी. पुन्हा पाठव, आवाज जरा मोठा येईल अशी."