गिला बेंडच्या काट्यावर

ॲरिझोनातील चँडलरहून कॅलिफोर्नियातील ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंतचा आमचा प्रवास चार दिवसांचा होता. पण मी लिहायला बसलो आहे तो पहिल्या दिवशीच्या चार तासांसाठी, जे आम्ही गिला बेंड या लहानशा गावातल्या ट्रकच्या थांब्यावर काढले. घरी परतून बरेच दिवस झाले, तरी त्या तासांनी माझी पाठ सोडलेली नाही. आमच्या ओळखीतली दोन मराठी कुटुंबे सध्या आमच्यासारखाच, टॉय हॉलर नावाचा ट्रेलर घेण्याच्या विचारात आहेत, हे कळल्यावर तर लिहिल्यावाचून राहवेना.

ज्यांनी टॉय हॉलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा राहण्याचा ट्रेलरच असतो, पण त्याच्या मागच्या भागात गॅरेज असते. मागची सबंध भिंत खाली पडून उतार होतो, त्यावरून वाळूत चालवायची गाडी आत चढवायची, पट्ट्यांनी आवळायची आणि मुक्कामाला पोहोचल्यावर ती बाहेर काढून त्याच जागेत पलंग पाडायचे. आमच्याकडे चार आसनांची साइड-बाय-साइड आहे, तिचे वजन १,५०० पौंड. पिकअप अर्ध्या टनाच्या, म्हणजे हलक्या वर्गातला, पेट्रोलवर चालणारा. त्याच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ११,००० पौंड छापलेली होती, आणि आमच्या मनात भरलेल्या ट्रेलरचे रिकामे वजन होते ६,३०० पौंड. विक्रेत्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाला, "जवळजवळ पाच हजार पौंड शिल्लक आहेत, निर्धास्त घ्या." विकत घेण्याआधी एकदा वापरून पाहावा, हा आग्रह माझ्या पत्नीचा. म्हणून आम्ही त्याच मॉडेलचा ट्रेलर एका खासगी मालकाकडून चार दिवसांसाठी भाड्याने घेतला. तिच्या त्या आग्रहाचे मोल मला आज कळते.

नोव्हेंबरातल्या शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. मारिकोपा ओलांडून आय-८ या महामार्गाला लागेपर्यंत सगळे सुरळीत होते. व्हेकॉल व्हॅलीच्या आसपास रस्ता सरळसोट आहे, दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग हात वर करून उभे असतात आणि वेगमर्यादा ताशी ७५ मैलांची आहे. ट्रेलरच्या टायरांचा विचार करून मी ६५ वर होतो. डावीकडून एक अठरा चाकी ट्रक पुढे जाऊ लागला. त्याच्या हवेने ट्रेलर आधी उजवीकडे ढकलला गेला, मग तो डावीकडे ओढला गेला, आणि ट्रक निघून गेल्यावरही हे हेलकावे थांबेनात. उजव्या आरशात ट्रेलरची सबंध बाजू दिसे आणि क्षणात नाहीशी होई, मग डाव्या आरशात दिसे. स्टिअरिंग हातात हलके, जवळजवळ पोकळ लागत होते. मागच्या सीटवरून धाकट्याने "बाबा?" एवढेच म्हटले. पत्नीने दाराच्या वरची मूठ घट्ट धरली होती आणि ती एक शब्दही बोलली नाही.

अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबायचा नसतो, कारण पुढची गाडी थांबू लागली की मागचे धूड तिला आणखी आडवे रेटते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि डॅशबोर्डवरच्या नियंत्रकाची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावायचे, म्हणजे मागचा बोजा मागे ताणला जाऊन सरळ होतो. हे मी वाचलेले होते आणि देवाच्या कृपेने त्या क्षणी आठवले. ट्रेलर शांत झाला. पुढचे अंतर मी ५० च्या वेगाने, आपत्कालीन दिवे चालू ठेवून कापले आणि गिला बेंडच्या थांब्यावर वळलो.

तिथे ट्रकचा वजनकाटा होता. माझे बालपण शिरोळ तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात गेले. साखर कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाड्यांच्या रांगा मी कितीदा पाहिल्या आहेत. पण आपली स्वतःची गाडी कुटुंबासकट काट्यावर उभी करावी, हे इतक्या वर्षांत मला एकदाही सुचले नव्हते. या काट्याला तीन वेगळे पाट असतात: एकावर पिकअपची पुढची चाके, दुसऱ्यावर मागची आणि तिसऱ्यावर ट्रेलरची. हिचला, म्हणजे पिकअप आणि ट्रेलर यांच्यातल्या जोडणीला, वजन वाटून देणाऱ्या सळ्या असतात, त्या सैल करून मी पहिले वजन घेतले. नंतर कडेला जाऊन ट्रेलर सोडला आणि फक्त पिकअप, त्यात आम्ही चौघे, मागच्या हौद्यातल्या सामानासकट, पुन्हा काट्यावर आणला. दोन्ही वजनांचा खर्च एकाच्या जेवणाइतकाही नव्हता. आमच्यामागे उभ्या असलेल्या ट्रकचालकांनी या खटाटोपात एकदाही हॉर्न वाजवला नाही. उलट त्यांच्यातला एक वयस्कर गृहस्थ खाली उतरून सळ्या कशा सोडवायच्या ते दाखवून गेला. तसा धीर आणि तशी मदत मला अनेक महागड्या कॅम्पग्राउंडवर मिळालेली नाही.

चिठ्ठ्यांवरचे आकडे असे होते. सगळे मिळून १४,९८० पौंड. नुसता पिकअप माणसांसह ६,३३०. म्हणजे ट्रेलर ८,६५० पौंडांचा. ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या चारही चाकांवर ६,९७० पौंड होते, म्हणजे ट्रेलरचा पिकअपवर पडलेला भार होता ६४० पौंड, एकूण वजनाच्या अवघा साडेसात टक्के. हिचच्या गोळ्यावर (बॉलवर) जोडल्या जाणाऱ्या अशा ट्रेलरचा हा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, १० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो.

त्या क्षणी मला आमच्या तात्यांची बैलगाडी आठवली. उसाच्या मोळ्या मागच्या बाजूला जास्त झाल्या की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला पट्टे काचतात. पुढे जास्त भरल्या की सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. तात्या गाडी भरून झाली की दांडीखाली हात घालून ती जराशी उचलून पाहत आणि एखादी मोळी पुढे किंवा मागे सरकवत. टॉय हॉलरची सगळी अडचण याच दांडीत आहे. त्याचे गॅरेज चाकांच्या मागे असते, म्हणून कारखान्यात तो मुद्दाम पुढून जड बांधतात. रिकामा असताना आमच्या ट्रेलरचे टंग वेट ९५० पौंड होते. मागे १,५०० पौंडांची गाडी चढली आणि तो उलाळ झाला. पाण्याची टाकी पुढे आहे की मागे, यानेही हा तोल बदलतो, कारण एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचे असते आणि आम्ही ५० गॅलन भरले होते. माहितीपत्रकात या बदलत्या तोलाचा आकडा कुठेही नव्हता.

मग सामान पुढे सरकवले की झाले, असे मलाही वाटले. मी पिकअपचे दार उघडले. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळ्या-पांढऱ्या रंगाची चिकटपट्टी असते. त्या गाडीत माणसे आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते तिच्यावर छापलेले असते. हा आकडा मॉडेलचा नसून त्या एकाच गाडीचा असतो. आमचा होता १,५२० पौंड, आणि पिकअपची एकूण मर्यादा ७,००० पौंड. आम्ही चौघे ५१० पौंड, हौद्यातले सामान व नंतर बसवलेले झाकण मिळून २५०, हिच ९०. ट्रेलरच्या भारासाठी उरले ६७०. म्हणजे ट्रेलर सरळ चालावा म्हणून टंग वेट १२ टक्क्यांवर, सुमारे १,०४० पौंडांवर नेले, तर पिकअप आपल्या मर्यादेच्या ३७० पौंड वर जाणार. आणि पिकअप मर्यादेत ठेवला, तर ट्रेलर डोलणार. मी बाकावर बसून कागदावर तीन वेळा हिशेब मांडला. या पिकअपला हा ट्रेलर आमच्या कुटुंबासह जोडण्याची कोणतीही सुरक्षित रीत नव्हती. ६७० पौंड हा भार १३ टक्के धरला, तर आमच्या पिकअपला झेपणारा भरलेला ट्रेलर होतो ५,१५० पौंडांचा. माहितीपत्रकातल्या ११,००० पौंडांचा निम्मासुद्धा नाही.

तो ११,००० चा आकडा खोटा नाही, हेही सांगायला हवे. बहुतेक उत्पादक आता एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे-२८०७ या प्रमाणानुसार तो ठरवतात, आणि त्या कसोटीतली चढण आमच्याच राज्यात आहे. डेव्हिस धरणाजवळच्या बुलहेड सिटीपासून गोल्डन व्हॅलीकडे चढणारा राज्यमार्ग ६८ तो. कडक उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, सुमारे अकरा मैलांची ती चढण पिकअपला ताशी किमान ४० मैलांच्या वेगाने ओढून काढावी लागते. मी तो घाट अनेकदा चढलो आहे आणि त्या कसोटीविषयी मला आदर आहे. पण त्या वेळी गाडीत फक्त चालक आणि एक सोबती, प्रत्येकी १५० पौंडांचा, एवढेच धरलेले असतात. मुले, जनरेटर, बर्फाची पेटी, हौद्याचे झाकण यांतले काही नसते. इंजिन ओढू शकते म्हणून मागची चाके आणि स्प्रिंगा पेलतीलच असे नाही, हे विक्रेत्याने एका वाक्यात सांगितले असते तर माझ्या मुलांना ती पाच-सात सेकंदे सोसावी लागली नसती. याचा राग मला अजून आहे.

आमचे सुदैव असे की एक मित्र आपल्या कुटुंबासह त्याच रस्त्याने तासाभराच्या अंतराने येत होता. त्याचा पिकअप पाऊण टनाचा, म्हणजे आमच्याहून एक वर्ग वरचा, दारावरच्या पट्टीचा आकडा २,८७०, आणि मागे दोन एटीव्ही (वाळूत चालवायच्या लहान चारचाकी) लादलेला उघडा लहान ट्रेलर. फोनवर त्याने फक्त "थांब तिथेच, येतोच" असे म्हटले आणि आल्यावर एकही प्रश्न न विचारता ट्रेलरांची अदलाबदल करायला घेतली. त्याच्या गाडीच्या हिचचे भोक अडीच इंचांचे आणि आमच्या हिचची दांडी दोन इंचांची. पण मधे घालायची पोलादी बाही त्याच्या हत्यारांच्या पेटीत होती. गॅरेजमधली साइड-बाय-साइड आम्ही दोन फूट पुढे घेतली, जनरेटर आणि पेट्रोलचे डबे पुढच्या खणात नेले आणि तिसऱ्यांदा काट्यावर गेलो. टंग वेट १,०५० पौंड आले. वहिनींनी तोवर ट्रकथांब्याच्या भिंतीच्या सावलीत चटई पसरून सहा जणांना थालीपीठ आणि दही वाढले होते. त्या सावलीत माझे हात पहिल्यांदा थरथरायचे थांबले.

ग्लॅमिसचे दोन दिवस मुलांच्या स्वाधीन होते. वाळू सोनेरी होती, रात्री थंडी कडक होती आणि गर्दीचा व इंजिनांचा आवाज मला सोसवला नाही. परतीच्या वाटेवर डेटलँडला खजुराचा शेक प्यायलो, तो मात्र पुन्हा जाऊन प्यावा असा आहे.

जानेवारीत आम्ही खरेदीचा विचार नव्याने केला. या वेळी ट्रेलर सर्वांत शेवटी पाहायचे ठरले. ५,१५० पौंडांत बसेल असा टॉय हॉलर आम्ही शोधला. पण १,५०० पौंडांची गाडी, पाणी आणि चौघांचे सामान वजा केल्यावर ट्रेलरसाठी जे वजन उरत होते, त्यात चार जणांची झोपायची सोय असलेला एकही मिळाला नाही. शेवटी पिकअप बदलायचे ठरले. पत्नी एकेका गाडीचे दार उघडून आधी त्या पट्टीचा फोटो घेई आणि मगच आत बसे. एकाच रांगेत उभ्या असलेल्या, दिसायला सारख्या दोन पाऊण टनी गाड्यांपैकी डिझेलवरची २,१५० ची निघाली आणि पेट्रोलवरची ३,०५० ची, कारण जड इंजिनाचे वजनही त्याच मर्यादेतून वजा होते. घाटात डिझेल किती सुखाचे असते हे मला ठाऊक आहे, तरी आम्ही पेट्रोलवरची घेतली. ट्रेलर निवडताना रिकाम्या वजनाकडे पाहिलेच नाही. तो पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त किती होऊ शकतो, त्या आकड्यावर १३ टक्के काढले, गाडी गॅरेजमध्ये चढवून आणि न चढवता दोन्ही वेळा भार किती पडेल ते विचारले, आणि ज्या विक्रेत्याने ते काट्यावर नेऊन दाखवायची तयारी दर्शवली त्याच्याकडूनच घेतला.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा ग्लॅमिसला निघालो. आदल्या संध्याकाळी घराजवळच्या काट्यावर वजन झाले होते: ट्रेलर ८,९००, टंग वेट १,१२०, पिकअप मर्यादेच्या बराच आत. व्हेकॉल व्हॅलीच्या त्याच सपाटीवर डावीकडून एक अठरा चाकी पुढे गेला. मी दोन्ही आरशांत पाहिले. ट्रेलरची कड हवेच्या धक्क्याने जराशी हलली आणि जागेवर आली. बाजूला पत्नी झोपली होती, तिचे दोन्ही हात मांडीवर होते.