आमची वाटचाल : ‘पट्टी बदलून मिळेल’

परभणीत वडिलांनी दुकान टाकलं ते भोंगे आणि अँप्लिफायर भाड्यानं द्यायला. लग्नं, सप्ताह, गणपती, भीमजयंती, यावर घर चालायचं. आज दुकानाच्या काचेवर ‘कराओके ट्रॅकची पट्टी बदलून मिळेल’ असं लिहिलंय. म्हणजे गाण्याचं नुसतं वाद्यसंगीत गायकाच्या आवाजाला झेपेल इतकं वर-खाली करून देतो. शेजारचे टेलरमामा म्हणतात, एखाद्या दिवशी कुणीतरी पँटची पट्टी घेऊन येईल तुझ्याकडं.

कॅसेटच्या काळात एकच युक्ती होती, टेपचा वेग. एक सेमीटोन, म्हणजे पेटीवरची अगदी लगतची पट्टी चढवायची, तर वेग साधारण 6 टक्के वाढवायचा. चार मिनिटांचं गाणं 3 मिनिटं 46 सेकंदांत उरकायचं. दोन सेमीटोन उतरवलं की तेच साडेचार मिनिटांचं, पाळणा म्हटल्यासारखं. सेलवरच्या टेपला तर सांगावंही लागायचं नाही. सेल संपत आले की पट्टी आपोआप उतरायची.

कॉम्प्युटर घेतला तेव्हा वेग तोच ठेवून पट्टी बदलता येते हे कळलं. ऑडॅसिटी नावाचं आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, त्यावरच हात बसला. सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून ते नव्या उंचीवर परत जुळवतं. बासरी, व्हायोलिनमध्ये हे जोड लपतात, झांजेत आणि ढोलकीच्या थापेत उघडे पडतात. थाप पसरट लागते. त्यातून फाइल व्हॉट्सॲपवर दहा हातांतून फिरून आलेली असली तर विचारूच नका. दोन सेमीटोन बिनधास्त, तीन चालतात; त्यापुढं आम्ही ‘नवीन वाजवून घ्या’ म्हणतो. बाईंच्या ‘काळी चार’चा, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा ट्रॅक पुरुषाच्या ‘काळी एक’वर आणायचा तर सात सेमीटोन खाली. गिटार विहिरीतून आल्यासारखी वाटते आणि बेस आमच्या स्पीकरमधून निघतच नाही.

गायकाला स्वतःची पट्टी माहीत असते, हा माझा सगळ्यात महागडा गैरसमज. भजनी मंडळातल्या एक काकू ‘माझी काळी चार’ म्हणून आल्या. भजनाला ती बरोबरच होती. पण त्यांनी निवडलेल्या सिनेगीताचा अंतरा तार सप्तकात जायचा, तिथं आवाज फाटायला लागला. तेव्हापासून मी पट्टी विचारत नाही. अंतऱ्याची सगळ्यात उंच ओळ उभ्यानं म्हणायला लावतो. बसून, हळू आवाजात सगळ्यांनाच जमतं. युगलगीताला मात्र इलाज नाही. त्याला सोयीचं केलं की तिला गैरसोयीचं होतं.

एक चूक सांगतोच. 17 सप्टेंबरचा, मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम. एका मुलीसाठी देशभक्तिगीत दोन सेमीटोन खाली केलं होतं. तेच गाणं आधी दुसऱ्या कुणासाठी दोन वर नेलेलं, आणि दोन्ही फाइलींचं नाव एकच. मी वरची लावली. चार सेमीटोनचा फरक! मुखडा तिनं ओढून नेला, अंतऱ्याला माइक खाली केला आणि माझ्याकडं बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं आणखीच वाईट वाटलं. मी ट्रॅक हळूहळू बंद करून बरोबरचा लावला, ती गायलीही छान. तिच्या वडिलांनी पैसे पूर्ण दिले, पण परत आले नाहीत. आता आमच्या फाइलीच्या नावात गाण्याआधी पट्टी येते.

हल्ली तयार गाण्यातून ड्रम, बेस वेगळे काढून देणारी सॉफ्टवेअरं आलीत. ड्रम, घुंगरू जागेवर ठेवायचे, बाकीचं सरकवायचं. थाप फुटत नाही. तबल्याला ही सवलत नाही. तो षड्जाला, म्हणजे गाण्याच्या ‘सा’ला लावलेला असतो, गाण्याबरोबर त्यालाही न्यावंच लागतं. हे मला कुठल्या व्हिडिओत नाही, एका तबलजींच्या शिव्यांतून कळलं.

मागच्या महिन्यात एक पेटीमास्तर आले. जुन्या गाण्याचा ट्रॅक, त्यावर पेटी धरायची होती. पांढरी तीन लावली तर बेसूर, काळी दोन लावली तरी बेसूर. मास्तर म्हणाले, “माझी पेटी खराब झाली का हो?” पेटी ठीक होती. जुन्या ध्वनिमुद्रणांत टेपचा वेग थोडा मागंपुढं झालेला असतो, गाणं दोन पट्ट्यांच्या मधे पडतं. सेमीटोनचे शंभर सेंट धरले तर ते चाळीस सेंट उतरलेलं होतं. तेवढं चढवलं. मास्तरांनी पांढरी तीन दाबून भाता ओढला, डोळे मिटले, आणि माझं बिल तासभर तसंच टेबलावर पडून राहिलं.